मोत्याचे पाणी

कुत्र्याला पोहणे शिकवावे लागते, असे मी कोणास सांगितले म्हणजे ऐकणारा प्रथम माझ्याकडे व मग कुत्र्याकडे पाहतो आणि हसतो. माशाच्या पिलाला पोहायला कोण शिकवितो, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलेले मला स्पष्ट दिसते. त्यातून आमचा मोत्या जातीने लॅब्रॅडॉर. म्हणजे ज्यांची सारी कीर्ती पाण्यावरच उभी आहे अशांच्या कुळातला. स्वतःच्या आवाजाला भिणारा गवई जसा, तसा पाण्याला भिणारा लॅब्रॅडॉर. परंतु असा एक माझ्या घरी होता, आणि त्याला पाण्याशी समेट करावयास लावणे हे गेल्या हिवाळ्यातील माझे मुख्य काम होते. त्या तीन महिन्यांत मी कॉलेजात शेक्सपिअर शिकवीत होतो हेही खरे. पण ते काम माझ्याविना कोणीही केले असते.

या कुळाची कथा मोठी मनोरंजक आहे. नाव लॅब्रॅडॉरचे असले तरी हे कुत्रे मूळचे न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळी त्यांना होडीतून बरोबर नेत. जाळ्यातून निसटलेला मासा धरावा, पाण्यात पडलेला दोर तोंडात घेऊन होडीशी यावे, ही त्यांची नित्याची चाकरी. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या गलबतांबरोबर त्यांपैकी काही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरात उतरले. माम्सबरीच्या उमरावांनी त्यांची जोपासना केली, पुढे बकलूच्या ड्यूकने त्यांचा वंश वाढविला, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबाने त्यांची स्वतंत्र जात मान्य केली. अंगावर आखूड, दाट, पाणी न धरणारे केस; बोटांच्या मध्ये पडदे; पाणमांजरासारखी बुडाशी जाड शेपटी, जी पोहताना सुकाणूचे काम करते; आणि मेलेला पक्षी पिसालाही धक्का न लावता आणून देईल असे मऊ तोंड. कोळ्याच्या होडीतून हा प्राणी उमरावाच्या शिकारखान्यात गेला, आणि तेथून कसकसा फिरत दादरच्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आला.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीने तो आणला तेव्हा त्याचे नाव एका इंग्रजी कादंबरीच्या नायकाचे होते. माझ्या आईने तीन दिवस ते नाव उच्चारून पाहिले आणि चौथ्या दिवशी सरळ ‘मोत्या’ अशी हाक मारली. त्यानेही ती तत्काळ ओळखली. मुलगी पुढे नोकरीसाठी बंगळुरास गेली आणि मोत्या आईचा झाला. आईचे वय चौऱ्याऐंशी. जिना उतरणे तिने चार वर्षांपूर्वीच सोडले आहे. दुपारी घरात दुसरे कोणी नसते. त्या वेळी तिचे मोत्याशी जे संभाषण चालते त्यात आमच्या घराण्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास येऊन जातो, असे शेजारच्या वहिनी सांगतात.

पाण्याचे भय त्याला जन्मतः नव्हते. ते त्याच्या अंगी घालण्यात आले. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही बाहेरगावी गेलो असता कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी त्याला चार दिवस ठेविले होते. तेथे एक हौद होता. कुत्रे आपोआप पोहते, या सिद्धान्तावर विसंबून तेथील नोकराने मोत्याला उचलून त्यात टाकले. हौदाच्या भिंती उभ्या, पायरी एकही नाही. मोत्या पोहला, नाही असे नाही. परंतु ज्या काठाला लागावे तो काठ पायाला लागू देईना. शेवटी त्याच नोकराने पट्ट्याला धरून त्याला वर ओढले. ही हकीकत त्याने आम्हाला हसत हसत सांगितली. तेव्हापासून न्हाणीघरातला नळ सुटल्याचा आवाज आला की मोत्या आईच्या पलंगाखाली जाई, आणि आषाढात रस्त्यावर साचलेल्या डबक्याला वळसा घालण्यासाठी मला समोरच्या पदपथावर नेई. भय असे असते. ते कारणापाशी थांबत नाही, कारणाच्या साऱ्या गणगोतापर्यंत पसरते.

हे असेच चालले असते. मुंबईत कुत्र्याला पोहता आले नाही म्हणून काही अडत नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात तो जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडीने उचलू लागला, ससा उडी मारतो तसे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही त्याला नेले. १८८६ साली निघालेली ही संस्था, आणि त्याच आवारातले बाई साकरबाईंचे इस्पितळ, ज्याला जुने मुंबईकर ‘बैलघोडा’ म्हणूनच ओळखतात. क्ष-किरणांच्या चित्रात खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ दिसली. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नव्हता. या जातीत हा दोष पुष्कळदा वंशातूनच येतो. वाढते वजन आणि आमच्या घरांतील गुळगुळीत फरशा त्यात भर घालतात. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले, खाणे कमी करावयास सांगितले आणि म्हणाल्या, “याला पोहवा. सांध्यावर भार न पडता मांडीचे स्नायू बळकट होतात, असा दुसरा व्यायाम नाही. स्नायूंनी सांधा धरून ठेवला तर आणखी काही वर्षे तो तुमचा जिना चढेल.”

आमच्या इमारतीला उद्वाहक नाही. पायऱ्या सत्तावन्न. मोत्याचे वजन त्या दिवशी अडतीस किलो भरले. तो चढू शकला नाही तर त्याला उचलून नेणारा आमच्या घरात कोणी नाही. आणि माझ्या मेहुण्यांचे अलिबागकडे बैठे घर व वाडी आहे, तेथे त्याला पाठवावे, असे सर्वांच्या मनात एकदमच आले. आईला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने दुसऱ्यांदा भात घेतला नाही, इतकेच.

मुंबईत हल्ली कुत्र्यांच्या अशा उपचारासाठी ऊन पाण्याचे हौद झाले आहेत. एके ठिकाणी आम्ही गेलोही. तेथील मंडळी सज्जन होती, पाणी स्वच्छ होते. पण हौदाची भिंत दृष्टीस पडताच मोत्या दारातच आडवा झाला आणि थरथर कापू लागला. तेथून परत येताना एक गोष्ट मला निश्चित कळली. याला शिकवावयाचे तर जेथे भिंत नाही, काठ म्हणून काही नाही, जमीन केव्हा संपली आणि पाणी केव्हा सुरू झाले हे सांगता येत नाही, अशा जागी शिकविले पाहिजे. आणि तशी एक जागा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

प्राध्यापकाला कोणतेही काम पुस्तकावाचून आरंभिता येत नाही. शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणावरचे इंग्रजी ग्रंथ मी जमतील तितके वाचले. त्यांतला एक प्रसिद्ध ग्रंथ हचिन्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४८ साली लिहिलेला. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘कुत्रे मोडणे’ असा होतो. इंग्रजीत घोडा मोडतात, कुत्रा मोडतात. आपण मराठीत जनावर ‘माणसाळवितो’. या एका शब्दात आपण इंग्रजांहून किती पुढे आहो, असे वाटून मला क्षणभर अभिमान झाला. पण तो टिकला नाही. त्यांच्याकडे तळ्यात पडलेले बदक आणण्यास शिकविलेला कुत्रा असे. आपल्याकडे साहेबाने आणि संस्थानिकाने टिपलेले बदक आणावयाला पुष्कळदा गावचा पोहणारा माणूस पाण्यात उतरे. शेवाळ, कमळांचे देठ, थंडीची पहाट. पायांना वेल गुरफटला तर बदकाबरोबर तोही तेथेच राहावयाचा. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेली आपली शिकारी कुत्री नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखी धावणारी. पाणी हे त्यांचे क्षेत्रच नव्हे. पाण्यासाठी कुत्रा तयार करण्याची गरज आपल्याकडे फारशी कोणास भासली नाही, याचे एक कारण माणूस स्वस्त होता हे असावे. कुत्र्याचा सन्मान आपण केला नाही असे मात्र नाही. संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात.

आता तर आणून देण्यासारखे पाखरूही उरले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक खाली ठेवविली, आणि शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी पाहण्यास लोक आता दुर्बिणी घेऊन जातात. पलीकडची ठाण्याची खाडी २०१५ साली त्यांचे अभयारण्य झाली. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेले सालीम अली आमच्या गिरगावातल्या खेतवाडीत वाढले, आणि त्यांच्या विद्येचा आरंभ लहानपणी स्वतः मारलेल्या एका चिमणीपासून झाला. हे शहर बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत कसे आले, ते त्या एका आयुष्यात दिसते. ते असो. शिकार गेली तरी शिकारी कुत्र्याच्या गुरूंनी पाण्याविषयी जे लिहून ठेविले आहे ते खोटे झालेले नाही. त्याचे सार असे, की कुत्र्याला कधीही पाण्यात ढकलू नये. पाणी ऊबदार, उथळ आणि उतरते असावे. आपण स्वतः आधी आत जावे. पाण्याला न भिणारा दुसरा कुत्रा सोबत असल्यास उत्तम. आणि रोजचा धडा कुत्र्याला अजून हवासा वाटत असतानाच थांबवावा. हा शेवटचा नियम मी आमच्या विद्यापीठाच्या वेळापत्रक समितीला कळवावा म्हणतो.

उथळ आणि उतरते पाणी दादरच्या किनाऱ्यावर केव्हा मिळते, हे मात्र कोणत्याही इंग्रजी ग्रंथात नाही. ते मला एका वृद्ध कोळ्याने सांगितले. पहाटे तो किनाऱ्यावर जाळे उलगडीत बसलेला असे आणि त्याच्याजवळ काळू नावाचा एक गावठी कुत्रा. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते, असा त्याचा हिशेब. अष्टमीची पाऊणपट सहा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण. प्रतिपदेची पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी फार चढते आणि तितकेच लांब उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते फार चढतही नाही, उतरतही नाही, आणि आळसटल्यासारखे हलते. मी घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयाशी हे ताडून पाहिले. प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी पावणेसात-साडेसातच्या सुमारास समुद्र दूर गेलेला, आणि वाळूच्या खळग्यांतून वीतभर पाणी मागे राहिलेले. नवमी-दशमीला त्याच वेळी भरती, पण भांगाची. म्हणजे प्रत्येक पंधरवड्यात पहिली यत्ता एकदा आणि वरची यत्ता एकदा! हे वेळापत्रक आईने आपल्याकडे घेतले. “आज द्वितीया आहे रे. साडेसात,” असे ती पलंगावरूनच सांगू लागली.

मार्गशीर्षात आम्ही आरंभ केला. पहिल्या दिवशी मोत्या कोरड्या वाळूवर उभा राहिला आणि मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खळग्यात. पहाटे किनाऱ्यावर फिरावयास येणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थी निघावेत हा योगायोग मी मुद्दाम घडवून आणलेला नव्हता. त्यांनी नमस्कार केला. मी पाण्यातूनच केला. मोत्याला मी हाक मारीत होतो, हातात बिस्कीट धरीत होतो. हे पाहून कोळीबाबा जाळ्यावरून डोके न काढताच म्हणाले, “मास्तर, त्याला बोलवू नका. तुम्ही तुमचं काम करा. त्याला वाटलं तर येईल.”

पाण्यात माझे काय काम असणार? पण मी त्याच्याकडे पाठ करून शिंपले वेचू लागलो. पुष्कळ वेळाने पोटरीला ओले नाक लागले. चारही पाय खळग्यात होते. पाणी त्याच्या बोटांच्या वर आले होते, आणि ते त्याला अजून कळले नव्हते. मी काही बोललो नाही. दोन मिनिटांत आम्ही घरी परतलो.

त्या पंधरवड्यात बोटे भिजली, पुढच्यात कोपरे. मग एक वस्तू लागली. शिकारी कुत्र्याला पाण्यातून आणावयास शिकविताना पक्ष्याच्या जागी सावरीच्या कापसाने भरलेली जाड कापडाची पिशवी वापरीत, कारण सावर पाणी पीत नाही आणि तरंगते. पूर्वी बोटीवरच्या तरंगपट्ट्यांतही तीच भरीत. हे मी आईला सांगत होतो. तिने आपल्या उशाखालची उशी काढून पुढे केली. तिच्या माहेरची, खऱ्या सावरीची. मी नको म्हटले. “अरे, माझी मान काय, कुठल्याही उशीवर टेकते,” असे म्हणून तिने स्वतः ती उसवली, जुन्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची हातभर लांब पिशवी शिवली, आणि तोंड दुहेरी टाक्यांनी बंद केले. मोत्याने ती हुंगली. तिला आईचा वास होता. इंग्रजी ग्रंथकारांना ही युक्ती सुचलेली नाही.

पिशवी पाण्याच्या कडेला टाकावी, मग हातभर आत, मग दोन हात. एका वेळी चारदा; पाचव्यांदा कधीच नाही. आणून देताना कुत्रा काठाला लागताच अंग झाडतो, आणि झाडताना तोंडातली वस्तू टाकतो. म्हणून आपण काठाशीच उभे राहून तो झाडण्यापूर्वी ती हाती घ्यावी. दगड कधी फेकू नये. तो बुडतो, आणि शोधून न सापडणे हे कुत्र्याच्या मनाला फार लागते. निघण्यापूर्वी घरचे गोडे पाणी पोटभर पाजावे, म्हणजे तो समुद्राचे पीत नाही. परतल्यावर अंगावरून साधे पाणी ओतून लोंबते कान आतून कोरडे करावेत. आमच्या किनाऱ्याच्या पाण्याचे गुणवर्णन मी करीत नाही. जेथे नाला मिळतो त्यापासून आम्ही दूर राहत असू, आणि ज्या सकाळी पाण्याचा रंग आवडला नाही त्या सकाळी परत फिरत असू.

आता राहिली ती खरी पायरी. पाणी छातीपर्यंत आले तरी कुत्रा चालतच असतो. त्यानंतरचे एक पाऊल असे, की ते टाकताच खाली काही नसते. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार आपण आपल्या संकटांविषयी किती सहज वापरतो! मोत्याच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता, आणि त्या पावलापाशी तो तीन सकाळी थांबला. पिशवी पुढे तरंगत होती. तो तिच्याकडे पाही, माझ्याकडे पाही, आणि घशातल्या घशात कण्हे. मुलीने बंगळुराहून त्याच्यासाठी नारिंगी रंगाचे तरंगते जाकीट पाठविले होते. त्याच्या पाठीवर धरावयास मूठ होती. ती धरून त्याला चार हात पुढे नेणे मला सहज शक्य होते. मन तसे म्हणतही होते. खुबा काही तिथी पाहून थांबणार नव्हता. परंतु त्या नोकरानेही त्याला असेच काठाच्या पुढे नेले होते.

पौषातल्या दशमीला काळू आला. त्याला आमच्या विद्येत रस नव्हता. त्याला पिशवी हवी होती. तो सरळ आत शिरला, डोके वर धरून आरामात पोहत गेला, आणि आईच्या उशीला तोंड घातले. मोत्या ओरडला, आणि गेला. पुढचे पाय पाण्याबाहेर काढून आपटीत, मागचा भाग खाली बुडलेला, चहूकडे पाणी उडवीत, पण गेला. नवशिक्या कुत्र्याचे असेच होते. त्याला उभे राहावयाचे असते, आणि पाण्यात उभे राहता येत नाही. मी छातीभर पाण्यात त्याच्या बाजूला होतो. मांड्यांच्या पुढे पोटाखाली हात घालून त्याचा मागचा भाग मी किंचित वर उचलला. पाठ पाण्याशी समांतर झाली, आणि त्याच क्षणी पुढच्या पायांचे आपटणे थांबले. चारही पाय पाण्याखाली, संथ, एका लयीत. शेपटी त्याच्यामागे सरळ झाली आणि डावीकडे वळली, तो वळला. काळूने पिशवी सोडून दिली होती, कारण त्याला दुसरे काही दिसले होते. मोत्याने ती उचलली आणि तो किनाऱ्याकडे निघाला. मी हात केव्हा काढून घेतला, हे त्याला ठाऊक नाही.

कोळीबाबांनी त्या दिवशी प्रथमच जाळे खाली ठेविले. “त्याच्या अंगातच आहे ते, मास्तर,” ते म्हणाले. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. कोळ्याचा कुत्रा पाण्यात जाणारच, एवढेच ते म्हणाले.

माघ-फाल्गुनात तो भांगाच्या सकाळी किनाऱ्याला समांतर शंभर-दीडशे हात पोहू लागला. परळला डॉक्टरीणबाईंनी फितीने मांड्यांचा घेर मोजला. दोन्ही बाजूंनी वाढ होती, आणि वजन चार किलोंनी उतरले होते. सांध्याचे चित्र जसेच्या तसे आहे. पोहण्याने वाटी खोल होत नाही, हे त्यांनी मला स्वच्छ सांगितले. हाड ते हाडच राहणार, आणि वय ते वय. वर्षभराने पुन्हा पाहू, असे त्यांचे म्हणणे. सत्तावन्न पायऱ्या तो सध्या एका दमात चढत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कट्ट्यापाशी थांबतो, श्वास घेतो आणि मग एक एक पाय टाकीत वर येतो. मेहुण्यांना मी पत्राने कळविले, की वाडीत सध्या दुसरी व्यवस्था करावी.

वैशाखाचा वारा सुटला तसा समुद्र खवळू लागला, आणि आमचे वर्ग नारळी पौर्णिमेपर्यंत बंद झाले. पिशवी एका कोपऱ्यात उसवली होती. आईने ती गच्चीवर तीन उन्हे देववून आणली, दुहेरी टाके पुन्हा घातले आणि पलंगाखाली ठेविली. दुपारी मोत्या तिच्यावर मान टेकून निजतो. श्रावणातली प्रतिपदा कोणत्या वारी येते, ते तिने आताच काढून ठेविले आहे.